कप्तानाच्या पुढ्यातलं संत्रं

समोरच्या दारातल्या वहिनी स्टुडिओत कामाला आहेत. चित्रण चालू असताना सेटवरचं सामान त्या सांभाळतात. कप कुठे होता, पडदा किती सरकवला होता, ते आधीच्या फोटोशी ताडून जिथल्या तिथे ठेवायचं. ही सवय घरीही येते. दादांनी खुर्ची जरा हलवली तरी बिचाऱ्यांची झडती होते.

गेल्या वर्षी त्यांना अंतराळाची मालिका मिळाली. पृथ्वी कधीच जळून गेलीय, माणसं यानात राहतात आणि गोळ्या गिळून जगतात, अशी गोष्ट. नोकरी हंगामी, काम पसंत पडलं तर कायम करू, असं निर्माते म्हणालेले.

पहिल्याच भागात यानाची एक कळ लुळी पडली. चित्रण थांबू नये म्हणून वहिनींनी डब्यातलं संत्रं तिच्यामागे दडपलं. मग यान हादरलं, म्हणजे चौघांनी खालची फळी हलवली, आणि संत्रं घरंगळत थेट कप्तानाच्या पुढ्यात. नट मुरलेला. त्यानं ते उचललं, हुंगलं, खिशात टाकलं आणि पुढचं वाक्य म्हटलं. दिग्दर्शकाला वाटलं, लेखकानं लिहिलंय. लेखकाला वाटलं, दिग्दर्शकाला सुचलंय. दोघंही एकमेकांवर खूश.

भाग दाखवला गेला आणि प्रेक्षक मागेच लागले. माती नाही, झाड नाही, मग संत्रं आलं कुठून? चौकशी वहिनींपर्यंत पोचली. निर्मात्यांनी सकाळी भेटायला सांगितलं.

त्या संध्याकाळी दादांचं तोंड उतरलेलं. "माफी माग आणि मोकळी हो."

"माफी मागितली की मोकळंच करतील, कायमचं," वहिनी म्हणाल्या.

मी धीर द्यायला गेलो होतो. म्हटलं, "बरं झालं वहिनी, डब्यात उकडलेलं अंडं नव्हतं. यानात कोंबडीही शोधावी लागली असती."

"भाऊजी, चहा घ्या आणि तोंड त्यातच ठेवा."

सकाळी निर्मात्यांनी विचारलं, "बाई, हे संत्रं आलं कुठून?"

"मला काय विचारता साहेब? खिशात कप्तानानं टाकलंय. त्याच्याकडे झाड असणार. लपवून ठेवलं असेल, सांगत नसेल कुणाला."

शेजारी बसलेल्या लेखकानं हळूच कागद पुढे ओढला.

त्या लपवलेल्या झाडावर अख्खी मालिका उभी राहिली. संत्रं कैद्याच्या कोठडीत दिसलं, यंत्रमानवाच्या तळहातावर दिसलं, एकदा तर काळ्या दोऱ्याला लटकून हवेत तरंगलं. दिव्यांखाली ते सुकायचं, म्हणून वहिनी बाजारात एकाला एक जुळणारी संत्री निवडत बसत.

फळवाला वैतागला. "ताई, फळ घेताय की जावई बघताय?"

"जावयाला एखादा डाग चालतो. याला नाही."

शेवटच्या भागाचं चित्रण संपलं, तेव्हा निर्मात्यांनी सगळ्यांसमोर वहिनींना कायम केलं, तेही सामान विभागाच्या प्रमुख म्हणून. तो भाग बघायला आम्ही सगळे त्यांच्याच घरी दाटीवाटीनं बसलो. नव्या ग्रहावर झाड रुजलं होतं. पहिलं फळ तोडायचं होतं, पण नायिकेची नखं फार नाजूक, म्हणून जवळून दिसणारा हात वहिनींचा घेतलेला. तो हात पडदाभर आला, संत्र्याभोवती मिटला, आणि दादा उठून टीव्हीसमोरच उभे राहिले.

"दादा, दिसत नाहीये," मी म्हणालो.

"हात हिचा आहे," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

"कळलं सगळ्यांना," वहिनी मागून म्हणाल्या. "आता बसा बघू. संत्र्याच्या मधे येताय."