दाजींना अ‍ॅम्प पसंत पडेना

पसंत न करणे ह्या कामात माझ्या दाजींचा हात धरणारा माणूस खाडीच्या अलीकडे तरी सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला नेरूळला, आणि गेली पंचवीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामावर पत्रे कापून घेण्याचं काम बघतात. ताईला त्यांनी पहिल्याच भेटीत पसंत केलं होतं. ताईच्या मते त्यांची सगळी पसंती तिथेच खर्च झाली. कारण त्यानंतर त्यांना मनापासून एकच गोष्ट निवडायची होती, इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारं यंत्र, आणि चार वर्षं झाली तरी ती निवडता येत नव्हती.

त्यांना हवा होता सोळाव्या वर्षी होस्टेलवर एका घासलेल्या कॅसेटमध्ये ऐकलेला आवाज. जुन्या विलायती रॉकचा. तो कसा, हे ते हातवारे करून सांगत. "फाटलेला पाहिजे, पण चिंधी नको. कडेला धार पाहिजे. ताजा कापलेला पत्रा कसा कडेला चमकतो, तशी." हा आवाज म्हणे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्येच तयार होतो आणि बारा इंची स्पीकरमधूनच बाहेर पडतो. वस्तूंच्या मागे धावण्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून स्टेशनाबाहेर वाटलेली आहेत. त्याच मला दाजींची गिटार खांद्यावर घेऊन वाशीपासून पनवेलपर्यंतची वाद्यांची दुकानं पालथी घालावी लागली, कारण ताईची ताकीद होती, "एकटं सोडू नकोस त्यांना. दुकान बंद होईपर्यंत उठत नाहीत."

दुकानात त्यांची पद्धत ठरलेली. आधी अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवायला लावायचा. "खाली ठेवला की पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला नाही." मग तीच चार सुरांची ओळ चाळीस वेळा वाजवायची, आणि दर वेळी ट्रेबलची, म्हणजे वरच्या पट्टीतले आवाज वाढवणारी, खुंटी थोडी थोडी पिरगाळत दहावर न्यायची. तोवर गिऱ्हाइकं बाहेर गेलेली असत. शेवटी निकाल यायचा, आणि तो चार वर्षांत एकदाही बदलला नाही. "बोथट आहे. वर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखा वाटतो." मग दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून तारा छेडायचं एक प्लेक्ट्रम घ्यायचं. दाजींच्या घरी पापडाचा एक डबा आता प्लेक्ट्रमनी भरलाय.

दोष अ‍ॅम्पचा नसेल तर पेटीचा असेल, असं एकदा त्यांच्या मनानं घेतलं. घणसोली गावात देव्हारे करणारा एक म्हातारा सुतार होता, त्याला त्यांनी स्पीकरची पेटी सांगितली. मागची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे आवाज मोकळा होतो, हे तीनदा समजावलं. आम्ही आणायला गेलो तर मागे भक्कम प्लाय ठोकलेला, आणि वरच्या कडेला सवयीनं वेलबुट्टी काढलेली. सुतार म्हणाला, "मागनं उघडी पेटी मी देनार नाय, शेठ. उंदीर घुसंल. लोक बोलतील, काम अर्धं टाकून पलाला." दाजींनी त्याच्याशी तासभर वाद घातला आणि हरले. ती पेटी आज ताईच्या हॉलमध्ये आहे. तिच्यावर गणपती बसतो.

मी शेवटी भडकलो. "दाजी, लोक पाण्यासाठी मोर्चे काढतात, आणि तुम्ही ट्रेबलसाठी रविवार घालवता."

"तुमच्या मोर्च्यातला भोंगा ऐकलाय मी," ते शांतपणे म्हणाले. "नुसता गुरगुरतो. घोषणा एक कळत नाही. आधी त्याचं बघ."

वाशीच्या एका दुकानात हे प्रकरण वेगळ्या वळणाला लागलं. दुकान चालवणाऱ्या बाईंनी एक नवा अ‍ॅम्प लावून दिला. दाजींनी सवयीनं सगळ्या खुंट्या टोकाला नेल्या, आणि स्पीकरमधून अशी शिट्टी सुटली की मी कानात बोटं घातली, आणि शेजारचे तबलेवाले आजोबा रस्त्यावर गेले. दाजी मात्र मान डोलावत होते. "हां," ते म्हणाले, "हा जरा जागा झाल्यासारखा वाटतो."

बाईंनी पुढे होऊन अ‍ॅम्प बंद केला. मग त्यांच्याजवळ जाऊन हळू म्हणाल्या, "काका, ती शिट्टी ऐकू आली नाही तुम्हाला?"

"कुठली शिट्टी?" दाजींनी मला विचारलं.

कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी नेरूळला एक कागद दिला. त्याच्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती आणि मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. वरच्या पट्टीतले आवाज गेलेले होते, परत येणारे नव्हते. "काम कुठे करता?" डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तर ऐकून फक्त मान हलवली. चार वर्षं नाकारलेले ते सगळे अ‍ॅम्प चांगलेच होते.

जिना उतरतानाच माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं होतं. "पंचवीस वर्षं पत्र्याच्या त्या किंकाळीत उभं केलं तुम्हाला, आणि कानात घालायला साधा कापूस नाही? मी सोडणार नाही तुमच्या मालकाला."

"मालक माझ्याआधी बहिरा झालाय रे," दाजी म्हणाले. "शेजारीच उभा असायचा. तुझं पत्रक त्याला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल."

ते पत्रक मी तरीही लिहिलं. कापूस नाही तो नाहीच, मालक बहिरा झाला म्हणून ते बरोबर ठरत नाही.

पंधरा दिवसांनी दाजींनी होस्टेलवरची ती जपून ठेवलेली कॅसेट माझ्या हातात ठेवली. "ऐक. पाठ कर. मग दुकानात जाऊ. मी वाजवतो, तू खुंट्या फिरव." ज्या संगीताशी माझं काही देणंघेणं नव्हतं ते मी दोन आठवडे परीक्षेसारखं ऐकलं. मग वाशीच्या त्याच दुकानात ते स्टुलावर बसले आणि ती चार सुरांची ओळ वाजवू लागले. मी ट्रेबल दहावरून उतरवत आणला. चारच्या जरा खाली तो सापडला. फाटलेला, पण कडेला धार असलेला. चार वर्षांत पहिल्यांदा दाजी अ‍ॅम्पकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आला?"

"आला," मी म्हणालो.

"मग हाच घेऊ."

आता रविवारी अकरा वाजता मी नेरूळला जाऊन बसतो. ते वाजवतात आणि माझ्याकडे बघतात, आणि मी जे ऐकू येतंय ते चेहऱ्यावर नीट आणायचा प्रयत्न करतो. सभा-मोर्च्यांमुळे काही रविवार चुकतात. त्या दिवशी, ताई सांगते, ते अ‍ॅम्प लावतच नाहीत. खिडकीपाशी बसून गिटार तशीच वाजवतात, वायर न जोडता, कान लाकडाला टेकवून.