कुंपणापलीकडची कॉइल

आमच्या समोरच्या दारातले वाइंडरभाऊजी तांब्याची तार चोरताना पकडले गेले, अशी बातमी मागे एकदा आमच्या जिन्याने वर आली. तळमजल्यावर ती डब्यात लपवलेली मूठभर तार होती. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत अख्खं रीळ झालं. संशोधन केंद्राच्या गेटवर यंत्र किंचाळलं, रखवालदाराने त्यांना बाजूला घेतलं आणि तेव्हापासून त्यांचं तिथलं काम बंद झालं, एवढं मात्र सगळ्यांच्या सांगण्यात सारखं होतं.

यंत्र किंचाळलं हे खरं. पण धातू डब्यात नव्हता, छातीत होता. आदल्या महिन्यात पंख्याची मोटर उघडता उघडता भाऊजी दुकानातच चक्कर येऊन पडले होते आणि डॉक्टरांनी त्यांना पेसमेकर बसवला होता. केंद्रात जबरदस्त ताकदीची चुंबकं. पेसमेकर असलेल्यांना आत मनाई, असा फलक गेटवर पहिल्यापासून होता. भाऊजी रोज त्याच्या खालूनच आत जात. पण असले फलक दुसऱ्यांसाठी असतात, अशी आपली प्रत्येकाची समजूत.

भाऊजी म्हणजे मोटरी बांधणारा माणूस. जळालेला पंखा, बसलेला पंप, धूर काढणारा मिक्सर, काहीही आणा. आतली जुनी तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजून भट्टीत भाजायची. बोलणं बेताचं. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मोटर बांधून झाली की ती चालवून बघायची, बंद करायची, वायर उपटायची आणि डोळे मिटून तिच्यावर तळहात ठेवायचा. ऊब सगळीकडे सारखी लागली तरच मोटर दुकानाबाहेर जायची. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, हे बघून म्हणायच्या, "मला ताप आला की लांबूनच विचारतात, गोळी घेतलीस का. मिक्सरचं नशीब बघा."

केंद्रातल्या इंजिनिअरबाई शोधत शोधत या दुकानात आल्या होत्या. रुळाला न टेकता, चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारा डबा बनवत होत्या त्या. डब्याला इंजिन नाही. रुळाच्या कडेने कॉइली मांडलेल्या, एकीतून दुसरीत वीज सरकत जाते आणि तिच्यामागे डबा ओढला जातो. ब्रेक लावला की उलटा कारभार; डब्याचा वेग कॉइलीत शिरतो आणि त्याची परत वीज होते. हे ऐकून मी म्हटलं, घेतलेलं परत करणारा पाहुणा आमच्या गल्लीत तरी अजून आलेला नाही.

सरळ मार्गावरच्या कॉइली यंत्राने झाल्या. वळणावरची मात्र वाकडी, यंत्रात घातली की तार तुटायची. ती भाऊजींनी हाताने बांधली. सोडवली, पुन्हा बांधली. अखेर मनासारखी झाली, रुळाच्या कडेला बसली, आणि चाचणी व्हायच्या आधीच भाऊजी दुकानात चक्कर येऊन कोसळले. म्हणजे जन्मभरात हीच एक वस्तू, जिच्यावर चालवल्यानंतर त्यांचा हात पडणार नव्हता.

मग घरात एक निराळाच माणूस वावरू लागला. दुकान उघडायचे, पण पंखे नुसते टांगलेले. कसली तरी सबब काढून इंजिनिअरबाईंना फोन करायचे. "तिकडे दमट हवा आहे का?" असं विचारायचे, जसं काही मुलगी वसतिगृहात ठेवलीय. मी ताईंना चिडवलं, "ताई, सवत आली म्हणा घरात."

"सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या," ताई म्हणाल्या. "तांब्याच्या वेटोळ्याला काय उपटू?"

चाचणीच्या दिवशी बाईंनी आम्हाला बोलावलं. कुंपणाबाहेर, बऱ्याच अंतरावर पिवळी रेघ आखलेली, तिच्या अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे भाऊजी, ताई आणि आगंतुक मी. डबा बोटभर उचलला गेला, बारीक गुणगुणला आणि निघाला. सगळे डब्याकडे बघत होते. भाऊजी वळणाकडे. डबा वळणावरून सुतासारखा गेला, पुढे जाऊन थांबला, आत टाळ्या वाजल्या. भाऊजींनी टाळी वाजवली नाही. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर उताणा पडला होता.

"बंद केली असेल आता," ते पुटपुटले. "निवत चालली असेल."

बाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काका, तापमान पडद्यावर दिसतंय. अगदी ठीक आहे. आकडा सांगू?"

"सांगा," भाऊजी म्हणाले. बाईंनी सांगितला. भाऊजींनी मान हलवली, पण तोंडावरची माशी हलली नाही.

तेवढ्यात ताई उठल्या. घड्याळ, कानातलं, अंबाड्याच्या पिना, साडीची पिन, किल्ल्या, सगळं भराभर माझ्या ओटीत टाकलं. "मला आत घ्या," त्या बाईंना म्हणाल्या. "यांचं नाही तर निदान माझं तरी बोट लागू दे त्या महामायेला."

बाईंनी वीज तोडल्याची दोनदा खात्री केली आणि त्यांना नेलं. जाळीतून दिसत होतं: मोकळे सुटलेले केस एका हाताने आवरत ताई वळणाशी उकिडव्या बसल्या आणि दुसरा हात कॉइलवर ठेवून बसूनच राहिल्या. उठल्या त्या मूठ आवळून, ओंजळीतलं पाणी सांडू नये तशा चालत आल्या. पिवळी रेघ ओलांडून त्यांनी मूठ उघडली आणि तळहात भाऊजींच्या उताण्या हातावर दाबला.

भाऊजींनी डोळे मिटले. "चटका होता?"

"नाही. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा अंग कोमट लागायचं, तेवढीच ऊब."

"सगळीकडे सारखी?"

"फिरवून बघितला हात. सारखी."

"कडेला? जिथे वाकलीय तिथे?"

"तिथेही. आता माझी परीक्षा घेणार का?"

भाऊजींनी हात मात्र सोडला नाही. इतका वेळ सोडला नाही, की बाई पडद्याकडे बघायला निघून गेल्या आणि मलासुद्धा ओटीतल्या पिना मोजत बसावं लागलं. ताईंची तर मान वर होईना. शेवटी माझ्याने राहवेना. म्हटलं, "काय भाऊजी, पडला का जीव भांड्यात?"

"कसला पडतोय, वहिनी," भाऊजी म्हणाले. "हिचा हात मुळातच गरम. त्यातली ऊब कॉइलची किती आणि हिची किती, ते आता कोण सांगणार?"