रिकाम्या खोल्यांची यादी

मी लोकसंख्येचा भूगोल शिकवतो. जन्मदर, मृत्युदर, घनता, स्थलांतर. मुलं व्याख्या उतरवून घेतात आणि मी फळ्यावर बाण काढून माणसं खेड्यातून शहराकडं जाताना दाखवतो. अकरा वर्षं हेच चाललंय. तेवढ्यात माझ्या फळ्यावरची माणसं पुण्याला पोचली, तिथं फ्लॅट घेऊन स्थिरावली. मी मात्र अजून तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे दरवर्षी मला नव्यानं नेमतात आणि एप्रिलअखेर मी आपोआप संपतो. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्याइतका जुना तात्पुरता माणूस दुसरा नाही.

कॉलेज नदीच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. पलीकडं दौंड. निम्मी मुलं पुलावरून, खुटबावच्या बाजूनं येतात. कॉलेज झालं तेव्हा भोवती नुसता ऊस होता म्हणतात. मग एका शहाण्यानं बांधाच्या कडेला चार खोल्या काढल्या, त्या महिनाभरात भरल्या, आणि बाकीच्यांना ऊस नको वाटू लागला. आता कॉलेजच्या तिन्ही बाजूंना पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. त्यांत लांबून आलेली मुलं राहतात, कंपनीच्या बसनं सणसवाडीला जाणारे बिहारचे, ओडिशाचे, लातूरचे कामगार राहतात, दवाखान्यातल्या दोन नर्सा राहतात आणि मी राहतो.

माझ्या खोल्यांचे मालक आप्पा. सत्तरीचे, भले, सकाळी अंघोळ करून टोपी घातली की दिवसभर ओट्यावर बसणारे. पुढं रस्त्याला त्यांचा दुमजली बंगला आणि मागं पंधरा खोल्या. ग्रामपंचायतीच्या दप्तरात मात्र बंगल्यामागं खोल्या नाहीत, गोठा आहे. खोल्या म्हटलं की घरपट्टी वाढते, विजेचं मीटर बदलावं लागतं, तालुक्याहून कुणीतरी येऊन जमीन बिगरशेती केली का म्हणून विचारतं. गोठ्याला कुणी काही विचारत नाही. हे एकट्या आप्पांचं नाही, आख्ख्या गावाचं. कागदावर बघाल तर आमच्या गावाइतके गोठे सगळ्या तालुक्यात नसतील, आणि दूध मात्र आम्ही पिशवीचं घेतो.

अशा गोठ्यात मी अकरा वर्षं राहतोय. टाइल्स बसवलेल्या आहेत, पंखा आहे. तक्रार काही नाही.

गोठ्याला दारावर नंबर घालता येत नाही. आमचे नंबर डब्यांवर आहेत. सहाव्या खोलीत मावशी राहतात, त्या सगळ्या रांगेला डबे देतात. करमाळ्याकडच्या. नवरा गेल्यावर दहा वर्षांच्या मुलीला घेऊन इथं आल्या, त्याला आठ वर्षं झाली. त्यांच्या खोलीबाहेरच्या भिंतीला ओळीनं खिळे ठोकलेत आणि प्रत्येक खिळ्याला एक डबा, त्यावर लाल ऑइलपेंटनं खोलीचा नंबर. पोस्टमनसुद्धा टपाल त्या डब्यात टाकून जातो. माझा तीन नंबर. शेवटच्या खिळ्यावर नंबर नसलेला, नुसता लाल ठिपका असलेला डबा असतो, तो आप्पांचा. त्यांची बायको वारली, दोन्ही मुलं बायकापोरांसकट पुण्याला. बंगल्यात आप्पा एकटे असतात आणि मावशींच्या हातची भाकरी खातात.

गेल्या वर्षी गावाची घरयादी नव्यानं करायची निघाली. ग्रामसेवक, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणतं, ते आमच्या प्राचार्यांना भेटले. काम त्यांचं होतं. पण प्राचार्यांना कॉलेजच्या अहवालात समाजोपयोगी काहीतरी दाखवायचं होतं, त्यामुळं दोघांचंही भागलं आणि काम माझ्या गळ्यात आलं. मी वीस मुलं घेतली, फॉर्म छापले. मालकाचं नाव, घराचा प्रकार, राहणारी माणसं, सर्वेक्षकाची सही. मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. इतकी वर्षं पुस्तकातून शिकवलेली लोकसंख्या आता दारात जाऊन भेटणार होती.

ती भेटली, पण उलटी. ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच होती, तिथं आठ माणसं सांगितली जायची. मुलगा हडपसरला, सून, नातवंडं, सगळी धरून. ती इथं राहतात का, असं विचारलं की म्हातारी रागवायची, म्हणायची, ती काय कायमची गेलीत व्हय. मतदार यादी, रेशन कार्ड, वाटणी, ही कारणं होतीच. पण आपलं घर रिकामं झालंय हे सरकारी माणसाला तोंडानं सांगायला कुणीच तयार नव्हतं. आणि त्याच घराच्या मागं, जिथं दोऱ्यांवर तीस शर्ट वाळत असायचे, तिकडं हात करून तेच लोक सांगायचे, तो गोठा, रिकामा हाय. माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, सर, दिसतंय ते लिहायचं की सांगतील ते? मी तिला सांगितलं, सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्याचं उत्तर महत्त्वाचं असतं. वाक्य बरोबर होतं, पुस्तकात आहे.

आप्पांचा फॉर्म मी स्वतः भरला. ते ओट्यावर, मी समोर खुर्चीत. मावशींनी दोघांना चहा आणून दिला. आप्पांनी सांगितलं, घरात सात. मागं गोठा, रिकामा. माझ्या डाव्या हातात मावशींचा कप होता. उजव्या हातानं मी लिहिलं: राहणारी माणसं सात, गोठा, रिकामा. खाली सही केली. म्हणजे मावशी आणि त्यांची मुलगी गेली, मुलं-कामगार गेले आणि शेवटी मी स्वतःही गेलो. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी दुसरीकडं शाबूत होतो. पाबळजवळ आमचं गाव आहे, तिथं थोरल्या भावानं मला रेशन कार्डावर आणि मतदार यादीत राहता धरलेलं आहे. तिथं मी दिवाळीला चार दिवस असतो.

ह्या वर्षी मावशींची मुलगी बारावी झाली. चांगली झाली. तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि खेड्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात जागाही मिळत होती. त्या जागेवरच सगळं होतं. पुण्यात खोली घेऊन राहणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. वसतिगृहाला गावच्या ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला हवा होता, सोमवारपर्यंत. गुरुवारी मावशी दाखला मागायला गेल्या.

भाऊसाहेबांनी कपाटातून आमची यादी काढली. आम्ही ती छान बांधून दिली होती, वर प्लॅस्टिकचं कव्हर. त्यांनी आप्पांचं पान उघडलं आणि मावशींना सांगितलं की ह्या जागेवर कुणी राहत नाही. हे ते सांगत होते तेव्हा मावशींचाच डबा त्यांच्या टेबलावर होता, कारण दुपारचं तेही त्यांच्याकडूनच घेतात. भाऊसाहेब राहतात दौंडला, मोटारसायकलवर येऊन-जाऊन करतात. पण त्यांनी नेमणुकीच्या गावी राहायचं असा नियम असल्यामुळं आमच्या यादीत ते गावात, शाळेच्या मागं, सहकुटुंब राहतात. तेही माझ्याच अक्षरात आहे.

माणूस वाईट नाही. त्यांनी मार्ग सांगितला: मालकानं पानात दुरुस्ती करून द्यावी आणि तिथंच राहणाऱ्या एका शेजाऱ्यानं साक्षीची सही करावी. मावशी परत आल्या आणि रांगेकडं बघून शेजारी शोधू लागल्या. कामगारांना सहीचं नाव काढलं की घाम फुटायचा. मुलं सुट्टीत गेलेली. उरलो मी. कॉलेजातला माणूस, सर. पण साक्ष द्यायची तर आधी मी इथं राहतो असं लिहून द्यायला हवं, आणि मी इथं राहत नाही असं लिहून देणारा मीच होतो.

मी म्हणालो, बघतो.

आप्पांनाही त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, बघू.

ह्या दोन शब्दांवर शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी काय बघत होतो, ते आता सांगायला हरकत नाही. आप्पा खोली सोडा म्हणाले तर काय, हे बघत होतो. भाऊ चिडेल, हे बघत होतो. तात्पुरत्या माणसानं असल्या भानगडीत पडावं का, हेही बघत होतो. मावशी रोज डबा टांगत होत्या, मी रोज मान खाली घालून तो उचलत होतो. एकदा मुलगी समोर आली, तेव्हा मी मोबाईल कानाला लावला. त्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी संध्याकाळी मी डबा आणला आणि उघडला. तिन्ही कप्पे रिकामे. घासून, पुसून, कोरडे. मला वाटलं, चुकून झालं असेल. तेवढ्यात आप्पा दारात आले. त्यांच्या हातात ठिपक्याचा डबा होता.

"सर, तुमचा पन?"

मी माझा दाखवला. शेजारच्या खोलीतून वांग्याचा वास येत होता. बाकी सगळे जेवत होते.

आम्ही दोघं सहा नंबरला गेलो. मायलेकी जेवायला बसल्या होत्या. मावशी उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"आजपास्नं यादीपरमानं चाललंय," त्या म्हणाल्या. "रिकाम्या गोठ्याला डबा न्हाई. आन् आप्पा, तुमच्याकडं सात माणसं. माझा येक डबा कुणाकुणाला पुरंल?"

आप्पांनी ठिपक्याचा डबा काखेत घेतला. मला म्हणाले, चला, पोहे करू. अकरा वर्षांत मी त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेलो. स्टीलच्या मांडणीत सात ताटं उभी होती आणि सातांवरही धूळ होती. पोहे सापडले, त्यांना जाळी धरली होती. मीठ कुठं आहे ते आप्पांना माहीत नव्हतं. सुनेनं कुठंतरी ठेवलंय म्हणाले, आणि एकेक डबा उघडून बघू लागले. सून ह्या घरी कधी आली होती, असं मी विचारलं. परवाच्या दिवाळीला, आप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, न्हाई, त्याच्या आदल्या. शेवटी आम्ही दोघांनी बिस्किटं खाल्ली. मला त्यांची दया आली आणि पाबळकडच्या मांडणीत माझंही असंच एक ताट उभं असेल, हे आठवून आणखी वाईट वाटलं.

सोमवारी ग्रामपंचायत उघडायच्या आधी आम्ही दोघं पायरीवर होतो, मागं मावशी आणि मुलगी. भाऊसाहेब दौंडहून आले. म्हणाले, खाडाखोड चालणार नाही, आख्खं पान नव्यानं लिहावं लागेल, आणि कोरा फॉर्म माझ्यापुढं सरकवला.

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी घसा साफ केला. गोठ्यातला सहा नंबर आणि सरांचा तीन नंबर, तेवढ्या दोन खोल्या लिहा म्हणाले, बाकी गोठाच ऱ्हाऊ द्या. तेरा खोल्या अजून गोठ्यात ठेवूनही आपण गावासाठी फार मोठं काहीतरी केलं, असा त्यांचा चेहरा होता. मी लिहिलं. खोली सहा, माणसं दोन. खोली तीन, माणूस एक. स्वतःला असं शाईनं लिहिलं, आणि शेजारी म्हणून खाली सहीही केली.

"आन् घरात सातच ना?" भाऊसाहेबांनी सहज विचारलं.

आप्पा खिडकीतून रस्त्याकडं बघत राहिले. पुण्याची एसटी थांबली होती, दोन बायका उतरल्या, त्या दुसरीकडं गेल्या.

"येक लिव्हा," आप्पा म्हणाले.

भाऊसाहेबांनी त्यांना समजावलं, की उगाच पोरांची नावं कमी कशाला दाखवता, पुढं मतदानाला, वाटणीला अडचण येईल. आप्पांनी ऐकून घेतलं.

"डबा येकच येतो, भाऊसाहेब."

मी एक लिहिला.

दाखला मिळाला. त्या संध्याकाळी दोन्ही डबे भरून आले, वांग्याचं कालवण होतं. भावाचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, की आता मी इकडं राहतो. तो म्हणाला, मग अकरा वर्षं कुठं राहत होतास?

परवा यादी दुरुस्त करायला निघालो. आता ते काम कायमचं माझ्याकडं आलंय. कायमचं असं माझ्याकडं तेवढंच. सहा नंबरला मावशी भाकरी थापत होत्या. भिंतीवरच्या खिळ्यांची रांग लांबली होती. मी दारातच उभा राहून फॉर्म भरत होतो. इथलं तर मला पाठ होतं. राहणारी माणसं, दोन.

मावशींनी परातीतून मान वर न करता विचारलं, किती लिवलं, सर?

मी सांगितलं.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग ती उलटली.

"येक लिव्हा," त्या म्हणाल्या.