ठकुबाईच्या दहाव्याचा फ्लेक्स

स्वस्थ बसणं ही गोष्ट शाकिर मुलाणीच्या अंगात अल्लानं घातलीच नव्हती. भोरमधल्या त्याच्या घराच्या माडीवर कॉम्प्युटर होता, कॉम्प्युटरपुढं चांगली खुर्ची होती, पण खुर्चीत शाकिर फारसा नसायचा. एक ओळ टाकायची, उठून खिडकीपर्यंत जायचं, तिथून डोळे बारीक करून स्क्रीनकडं बघायचं आणि परत येऊन तीच ओळ पुसायची. बायको सदफ म्हणायची, "एवडं रस्त्यानं चालला असता तर शिवऱ्याला पोचला असता."

नोकरी त्यानं कुणाची केली नाही. ज्याचं येईल त्याचं डिझाईन करायचं आणि त्याच्याशी भांडायचं, हा धंदा. शिवऱ्याच्या हॉटेलवाल्याला बोर्डावर सगळ्या पदार्थांचे फोटो हवे होते. शाकिरनं फक्त तर्रीची एक मोठी वाटी ठेवली. "बाकीचं काय फुकट वाटतो का आमी?" म्हणून हॉटेलवाला चिडला, तर यानं फोटो परत घातले, पण पाटी काळी केली, धावत्या गाडीतून वाचता यावी म्हणून. गुंजवण्याच्या बचतगटातल्या बायकांना तांदळाच्या पिशवीवर किल्ला पाहिजे होता. शाकिर म्हणाला, किल्ला सगळ्यांच्याच पिशवीवर असतो, तुमच्या भाताचा वास दाखवू. शेवटी वाफाळत्या भातामागं फिकट किल्ला, असा समझोता झाला. पिशव्या छापून दुकानात लागल्या तरी हा पठ्ठ्या त्या उलट्यासुलट्या करून बघायचा आणि किल्ला चुकलाच म्हणायचा.

फक्त फ्लेक्समध्ये मात्र डोकं लावायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. वाढदिवस कुणाचाही असो, खाली शुभेच्छुकांचे वीस गोल फोटो आणि वर एकच फर्मान: "दादांना जरा उजळ करा, डाग काढा." तो उजळ करायचा, डाग काढायचा. एवढी वर्षं काढून काढून हाताला इतकी सवय झाली होती, की डोळे लावायची गरजच उरली नव्हती.

अशात एका सकाळी वेल्ह्याकडचा गोरख आला. हायवेवरच्या कंपनीत कामाला, डोकं नुकतंच भादरलेलं. त्याची आई ठकुबाई गेली होती. दहाव्याला फ्लेक्स पाहिजे होता, आणि तोच फोटो पुढं फ्रेम करून घरात लावायचा होता.

"दुसरा फोटोच न्हाई ओ," असं म्हणत गोरखनं आधार कार्ड पुढं केलं. "लग्नकार्यात बी ती चुलीपशीच असायची. ह्येच्यातनं काय हुतंय का बगा."

शाकिरच्या कॉम्प्युटरात आख्ख्या खोऱ्यातल्या पुरुषांचे चेहरे कापून तयार होते, गॉगलवाले, फेटेवाले, हात जोडलेले. बाई एकही नव्हती. हे त्याच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं आणि उगाचच स्वतःचा राग आला.

कार्डाच्या लॅमिनेशनमध्ये पाणी शिरलेलं, फोटोवर ठिपकेच ठिपके. शाकिरनं तो स्क्रीनवर मोठा केला आणि सवयीचा हात चालू झाला. त्या ठिपक्यांतले चार ठिपके पाण्याचे नव्हते. ते ठकुबाईचं गोंदण होतं, एक कपाळावर आणि तीन हनुवटीवर. बाकीच्यांबरोबर तेही गेले. मग त्यानं पदर नीट केला, गाल भरले, केसांना चमक दिली.

"लई भारी," गोरख म्हणाला. "आय अशी कदी दिसलीच न्हाई."

तो खुशीत म्हणाला आणि शाकिरच्या डोक्यात भुंगा शिरला. त्यानं मागचा निळा रंग काढून पांढरा केला. फुलांची चौकट उडवली. वेलांटीदार अक्षरं साधी केली. खिडकीपर्यंत किती वेळा गेला, काही हिशेब नाही. काहीतरी चुकलंय आणि ते सापडत नाही, या जाणिवेनं त्याला जेवण गोड लागेना. ठकुबाईला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, मग चूक ओळखायची कशी? त्यानं गोरखला फोन लावला.

"घरात बहीण असेल तर तिला दाखवा की एकदा."

"मंगल नुसती रडतीया. तिला काय दाखवू? छापा तुमी."

फ्लेक्स छापला गेला. स्वतःचा फ्लेक्स बघायला शाकिर कधी जात नसे, पण दहाव्याला तो गाडी काढून थेट नदीकाठी गेला. दोन झाडांना बांधलेल्या फ्लेक्सवर ठकुबाई कशी नटीसारखी दिसत होती.

तेवढ्यात टेम्पोतून दोन म्हाताऱ्या उतरल्या. ठकुबाईच्या माहेरच्या होत्या. फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या, इकडंतिकडं बघितलं आणि एकीनं शाकिरलाच विचारलं, "बाबा, ठकूचा दहावा कुटं हाय?"

"हाच की, आजी."

"मंग ही कोन?"

"ठकुबाईच."

"काय तरीच! हिला गोंदान कुटं हाय? माजं आन तिचं एकाच दिशी गोंदलं. म्या बोंबलले, ती हूं का चूं न्हाई केली."

म्हातारीच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते. शाकिर त्यांच्याकडं बघतच राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"मी पुसलं, आजी," तो म्हणाला. "डाग समजून पुसलं."

बाजूला उभ्या असलेल्या मंगलनं ते ऐकलं. ती शिव्या देईल म्हणून त्यानं मान खाली घातली. फ्लेक्सवाल्याच्या खिशात असतो तसा काळा मार्कर त्याच्या खिशात होता. टोपण काढून तो फ्लेक्सपाशी गेला, हात वर केला आणि तसाच थांबला. कुठं लावायचे, हे त्याला कुठं ठाऊक होतं! त्यानं मार्कर मंगलच्या हातात दिला.

मंगलनं मोजलं नाही, मागं सरून बघितलं नाही. हनुवटीवर तीन ठिपके दिले. चौथा कपाळावर, पण मधोमध नाही, डाव्या भुवईकडं सरकून. शाकिरनं तो डोळे झाकून मधोमध दिला असता.

म्हातारी पुढं झाली. "आली बया माजी," असं म्हणून तिनं फ्लेक्सच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि मग मोठ्यानं रडायला लागली.