स्वभावाचा रकाना

वैजयंती लोहकरे घोडेगावात टायपिंग शिकवायची आणि रविवारी दुपारी खेळ रचायची. राजे, राक्षस, जादूगार. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसते फासे, कागद आणि बोलणं. २००३ साली चाळिशीतल्या बाईने असलं काही केलं की लोक काय म्हणतात, ते सांगायला नको. तिला त्याचं काही नव्हतं. घोडं अडलं होतं ते प्रत्येकाच्या पात्राच्या कागदावरच्या स्वभावाच्या रकान्यापाशी.

खेळायला दोघंच, धाकटा भाऊ गोकुळ आणि शेजारची अक्षदा. गोकुळने आपल्या सरदारापुढे आधीच 'सज्जन' लिहिलं आणि मग खेळात खुशाल एका म्हातारीची म्हैस पळवली.

"लिवलंय की सज्जन. मंग झालं तर," तो म्हणाला.

"गोकुळभाऊ, असंच चालणार असेल तर पुढच्या रविवारी मी नाय येणार," अक्षदा म्हणाली.

अक्षदा गेली की खेळ मोडलाच. वैजयंतीला डोंगरातल्या माहेरची पडकई आठवली. भातखाचराचे बांध घालायला सगळे एकमेकांच्या रानात राबायचे, आणि कोण किती राबलं ते ज्याने त्याने सांगायचं नसे, बाकीचे सांगत.

तिने गोकुळचं 'सज्जन' खोडरबराने पुसलं आणि कागद अक्षदाला दिला.

"स्वभाव दुसऱ्याने लिहायचा. डाव संपल्यावर."

"आन् तवर, ताई?"

"तोवर कोरा."

गोकुळ कुरकुरला, पण पुढच्याच डावात सरदार म्हैस परत द्यायला निघाला. वाटेत तिला चारासुद्धा घेतला. अक्षदाने पेन्सिल उचलली, जरा विचार केला आणि लिहिलं, 'बघू'.

वैजयंतीने तो स्वभाव लगेच नियमांच्या वहीत उतरवून घेतला.