राबाचा काळा

भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. शेण, त्यावर पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि मग आग. मागे वाळक्या पिवळ्या उतारावर एक काळा चौकोन उरतो. कोळवणात भाड्याच्या खोलीत आल्यापासून मी तोच रंगवतोय. लोक त्याला अमूर्त म्हणतात. माझ्या लेखी ते साधं निसर्गचित्र, खिडकीतून दिसतं ते.

समोरच्या फार्महाऊसवाल्यानं गेल्या वर्षी त्यातलं सगळ्यात मोठं चित्र घेतलं. हिंजवडीतला साहेब, शनिवार-रविवारचा शेतकरी. पाहुण्यांना चित्र दाखवायचं म्हणून मलाही बोलावलं. "यात आर्टिस्टच्या आतली पोकळी आहे," तो ग्लास हलवत म्हणाला. माझ्या आत तेव्हा फक्त त्याचं तेलकट पनीर होतं.

तेवढ्यात धूर आला. आमच्या घरमालकीण वहिनींनी समोर राब पेटवला होता. साहेबानं नाकाला रुमाल लावून काचा ओढल्या. "दरवर्षी ही घाण! तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचं ऐकतील."

"तुमच्या भिंतीवर तेच आहे," मी म्हणालो.

"वॉव, म्हणजे याला स्टोरीपण आहे!" त्यानं सगळ्यांना पुन्हा चित्रापुढे उभं केलं. काच मात्र उघडली नाही. इतकी किळस मला तुंबलेल्या गटाराचीही कधी आली नव्हती.

वहिनींच्या कानावर घातलं, तर त्या उसळल्या. "मंग रोपं कुटं टाकू, त्येच्या लॉनवर?"

पण यंदा उतार पिवळाच राहिला. विचारलं, तर खाली बघत म्हणाल्या, "पुतन्या त्येच्या गेटावर वाचमन हाय. राब पेटवला तर त्याला काढीन म्हनला. औंदा रोपं इकत आनायची." आणि त्या भांडी घासायला बसल्या.

मी कॅनव्हास लावला. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. ट्यूब पिळली, सवयीनं चौकोन काढला. पूर्वी माझ्या काळ्यात राख असायची, कडेला अर्धवट जळलेलं गवत असायचं. हा नुसता काळा, लोखंडी दाराला फासतात तसा. टाकून द्यायचा म्हणून भिंतीला टेकवला.

रविवारी साहेब खोलीवर आला. त्या टेकवलेल्या कॅनव्हासपुढे उभा राहून त्यानं डोळे बारीक केले.

"हे आधीच्यापेक्षा डीप आहे. बेडरूमसाठी हेच द्या."

मला शिसारी आली, त्याची आणि त्या चौकोनाचीही. सुरी घेतली आणि त्याच्यादेखत कॅनव्हास टराटरा फाडला. वळून पाहिलं, तर तो मोबाइल धरून व्हिडिओ घेत होता.