बोटीवरून सुधारून आलेला माणूस

"हेपॅटायटिस सी आहे," डॉक्टर म्हणाले. माझा नवरा मायकल खाली मान घालून बसला होता. एकच सुई चौघांनी वापरली की एकाच्या रक्तातला रोग बाकीच्यांना लागतो आणि हळूहळू लिव्हर खातो, असं त्यांनी समजावलं. "गोळ्यांनी हा रोग बरा होतो. पण तोवर याला जिवंत ठेवायला हवं." मला त्यांचा रागच आला. धडधाकट माणूस समोर बसलाय आणि हे काय अभद्र बोलतात!

मायकल ब्राऊन शुगर टोचून घ्यायचा. वसईतल्या आमच्या अख्ख्या पाचूबंदर कोळीवाड्याला ठाऊक होतं, लपवत होतो ते फक्त आम्ही. डॉक्टरांनी नालासोपाऱ्याला, नशा करणाऱ्यांसाठीच्या एका केंद्रात पाठवलं. तिथे इरफान भेटला. पूर्वी तोही टोचून घ्यायचा, आता तिथेच कामाला आहे. त्याने मायकलच्या हातात नव्या सुया ठेवल्या. मी भडकले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हटलं.

"वहिनी, आज तो घेणारच आहे," इरफान म्हणाला. "मग निदान दुसऱ्याची सुई तरी नको."

पुढे ओएसटी सुरू झालं. म्हणजे नशेऐवजी रोज जिभेखाली ठेवायची गोळी, नर्ससमोर. तिने अंगाची तगमग थांबते, माणूस कामाला लागतो. मी मासळी विकून दुपारी त्याच्याबरोबर जायचे. बाकड्यावर माझ्यासारख्या आणखी बायका असत. कोणी कोणाला नाव विचारत नसे. मायकल पोटभर जेवू लागला, कालवणात मीठ कमी म्हणून भांडूही लागला. ते भांडण मला फार गोड लागलं.

सासऱ्यांना मात्र हे पटेना. ते बोटीचे तांडेल, बोट त्यांच्या शब्दावर चालते. आमच्याकडे दारुड्याला सुधारायचं तर बोटीवर चढवतात, कारण भर समुद्रात गुत्ता नसतो. "एक नशा सोडून दुसरी धरली त्यानं," ते म्हणाले. "आठ-दहा दिस पान्यावर ऱ्हाऊ दे. सगला उतरल."

गोळी मध्येच तोडायची नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं मी सांगितलं. "पान्यावर कसली गोली?" एवढ्यावर विषय संपला. मायकलही मुकाट गेला. बापाला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही.

बोटीवर तो ओकला, कुडकुडला, जाळ्यांवर गडाबडा लोळला, असं खलाशांनी नंतर सांगितलं. मग शांत झाला. परतला तेव्हा तोंडावर तजेला होता. सासऱ्यांनी जेटीवर चार लोकांना बोलावून तो दाखवला. दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये मिस्साला तो पुढच्या बाकावर बसला, आणि खोटं कशाला सांगू, मीही मान वर करून बसले.

त्याच संध्याकाळी वसईच्या किल्ल्यामागे त्याने पूर्वी घ्यायचा तेवढीच मात्रा घेतली. ओव्हरडोस झाला. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते आणि पूर्वी पचायचं तेवढंच श्वास बंद पाडतं. तुमच्या घरचा माणूस बोटीवरून, तुरुंगातून, कुठूनही असा सुधारून आला तर त्याला हे आधी सांगा. त्याला एकटं सोडू नका.

कोणीतरी इरफानला फोन केला. तो धावत आला, नॅलोक्सोन टोचलं. थांबलेला श्वास परत आणणारं हे औषध, पण वेळेत मिळालं तर. मायकलचे ओठ तोवर काळेनिळे झाले होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

मातीला इरफान आला. सासऱ्यांनी त्याचा हात धरला तो सोडेनात. त्याने जे केलं ते माझ्या सख्ख्या भावानेही केलं नसतं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मायकलच्या महिन्याच्या मिस्सानंतर शेजारची कॅटरीन जवळ आली. तिचा थोरलाही त्याच वाटेवर आहे आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोटीवर पाठवायचं ठरलं होतं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नशा सोडून तरी मेला, बाय. देवानं तेवढं तरी केलं."

"सोडली व्हती, म्हनून तर मेला," मी म्हटलं, आणि कसा ते सगळं सांगितलं.

तिचा हात माझ्या पाठीवरच थांबला. तिने हळूच विचारलं, "तो इरफान कुठं भेटल?"